कोळीण

कर्स्टी ग्लासगोला शिकायला गेली
आणि जाताना चौथ्या मजल्यावर, माझ्या दारात,
काचेची एक उभी पेटी ठेवून गेली.
"हॉस्टेलात चालत नाही. फक्त नाताळपर्यंत."
त्या नाताळाला आता तीन वर्षं झाली.

आत बुचाच्या झाडाची साल, तिरकी टेकवलेली,
सालीच्या शेंड्याला रेशमाची नळी,
आणि नळीच्या तोंडाशी
काळं, लवदार, मुठीत मावेल न मावेल असं काहीतरी,
ज्याच्या आठही पावलांना कुणीतरी
फिका अळता लावून सोडलं होतं.
पहिल्या रात्री मी पेटीवर टॉवेल टाकला.
दुसऱ्या रात्री टॉवेल धुवायला हवा होता, म्हणून काढला.

नाव ठेवलं नाही.
नावं ठेवणारे पुष्कळ होते.
नणंद फोनवर म्हणाली, अगं, मांजर पाळ.
खालचा मिस्टर डफी किल्ली परत द्यायला वर आला
आणि उंबऱ्यावरूनच किल्ली फेकून गेला.

हळूहळू शिकले.
झाडावरचा जीव आहे, उंची द्यायची, माती नाही.
पाणी रोज शिंपडायचं नाही,
कोंदट ओल तिला थंडीच्या आधी मारते.
टे नदीवरून धुकं चढतं त्या महिन्यांत
हीटर तिच्या खोलीत, मी स्वेटरमध्ये.
हातात घ्यायचं नाही.
सहसा चावत नाही, पण मागून नेम धरून
शी उडवते. एकदा थेट चष्म्यावर.
छत्तीस वर्षं डंडीच्या हॉस्पिटलात काढली,
इतकं स्पष्ट मत मला कुणी दिलं नव्हतं.

रातकिडे दुकानातून येतात, डबीत, डझनानं.
एक निसटून फ्रिजमागे गेला
आणि अख्खा नोव्हेंबर ओरडत राहिला.
मला तो पकडता आला असता.

मग एकदा खाणं सोडलंन.
नळीचं तोंड आतून शिवून घेतलंन.
पाच आठवडे.
मी रात्री उठून टॉर्च मारायची,
सावली हलायची नाही.
कुठे पुरायचं, इथवर विचार गेला,
आणि चौथ्या मजल्याला अंगण नसतं.

सहाव्या आठवड्यात, सकाळी,
पेटीच्या तळाशी ती पडलेली.
आठ पाय, अळत्यासकट, पोकळ.
आणि वर, नळीच्या तोंडाशी,
तीच,
ओलसर, काळीभोर, जरा मोठी.

आयुष्यभर मी माणसांच्या आतलं पाहिलं,
फिल्ममागे उजेड लावून.
त्याच सवयीनं ती कात खिडकीशी धरली.
मग पाण्यात भिजवली, चिमट्यानं उलगडली,
पोटाची आतली बाजू भिंगाखाली घेतली.
फुप्फुसांच्या ठशांमध्ये, अगदी मधोमध,
बीज साठवायची इवलीशी पिशवी.

म्हणजे कोळी नव्हे. कोळीण.
मोठ्यानं म्हटलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले.
जाळं न टाकणारी, भाव न सांगणारी,
आख्ख्या बाजारात एक शब्द न बोलणारी कोळीण.

नर असता तर एव्हाना आटोपला असता.
मादी बारा वर्षं काढते, दुकानदार म्हणाला,
नीट ठेवलीत तर जास्तही.
मी बसमध्ये बोटांवर मोजलं.
तिची आठ उरतात.
मला मार्चमध्ये एकाहत्तर लागलं.

गेल्या मंगळवारी वकील गेडीसांच्या ऑफिसात
फ्लॅट पुतण्याला, पाटल्या भाचीला.
"आणखी काही?"
आहे, म्हटलं.
त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं:
पाणी आठवड्यातून दोनदा, एकाच बाजूला,
झाकणाची जाळी कधी बंद करायची नाही,
कात टाकताना हाक मारायची नाही.
"आणि हे कुणाच्या नावे?"

कर्स्टीचं नाव ओठांवर आलं होतं.
परवाच फोटो पाहून तिनं लिहिलं होतं,
"केवढा झालाय गं!"
ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

ती ओळ कोरी ठेवा, म्हटलं.
पुढच्या आठवड्यात सांगते.